शहर कोणाच्या पावलांनी मोजावे?



आपली एक माजी विद्यार्थिनी जयपूरमध्ये राहून, शहराची राहण्यायोग्यता कशी मोजावी, याचा अभ्यास करीत आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने १११ शहरे ७८ निकषांवर पारखली. पुणे पहिले आले. आपण पेढे वाटायचेच काय ते बाकी होते!

तिचे मोजमाप मात्र पायी चालते. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसविलेल्या या नगरीत, दुकानांपुढील पडवीतून, एखाद्या वृद्धेला उन्हात न उतरता किती पावले चालता येतात? वाट कोठे अडते? सरासरीच्या आकड्यात ही वृद्धा हरवते, हे तिचे म्हणणे मला पूर्णतः पटते.

सुट्टीत ती हीच मोजणी आपल्या शाळेच्या रस्त्यावर करणार आहे. तिला सोबत हवी आहे. आजी-आजोबांना अवश्य पाठवावे.