चोराचा माग
(मंडळाच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



दरवर्षी ह्या दिवशी कुणी पाककृती सांगते, कुणी तीर्थयात्रेची हकिगत सांगते. मला मात्र यंदा कार्यवाह बाईंनी सांगितले की, "तुमच्या घरच्या संगणकाची जी भानगड झाली, ती सर्वांपुढे सांगा." मी सातवी शिकलेली बाई. संगणकावर मी काय बोलणार, असे प्रथम मनात आले. पण त्या भानगडीत माझ्या हातून एक चूक झाली, आणि तशी ती दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ नये, म्हणून उभी राहिले आहे.

आमच्या घरी संगणक आहे तो काही शोभेला नाही. ह्यांचे बँकेचे व्यवहार त्यावर होतात, आणि आपल्या बचत गटाचा हिशेबही मी त्यावरच उतरविते. म्हणजे त्यात नुसते आमचे नव्हे, तुम्हा सर्वांचेही आहे. गेल्या दिवाळीच्या आधी संध्याकाळी हिशेब लिहीत असता पडद्याच्या कोपऱ्यात एक सूचना आली. संगणकाच्या राखणीसाठी जो अँटिव्हायरस ठेवलेला असतो, त्याने कळविले होते की, १९२.१६८.१.७ ह्या पत्त्यावरून कुणी तरी पासवर्ड लावून आत शिरू पाहत होते, त्याला अडविले आहे. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. रात्री तर एकामागून एक. जणू कुणी अंधारात उभे राहून आपल्या कुलपाला किल्ल्यांचा जुडगा एकेक करून लावून पाहत आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा लातूरला असतो, तो ह्याच विषयात शिकलेला आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता बाहेरचा नसतो. प्रत्येक घराला माजघर असते ना, तसा हा घरातल्या घरात वापरायचा पत्ता. तुझ्या माजघराला बाहेरचा पोस्टमन पत्र टाकू शकत नाही. म्हणजे जे काही आहे, ते तुझ्या घरच्याच जोडणीवर आहे."

बाई गं! त्याने सांगितले "जे काही आहे", आणि मी ऐकले "जो कुणी आहे". आमच्या माडीवर कंधारकडचा एक विद्यार्थी भाड्याने राहतो. गरिबाचे लेकरू म्हणून वायफायचा पासवर्ड आम्हीच त्याला दिला होता. तो रात्री जागतो, आणि सूचनाही रात्रीच जास्त येतात. एवढ्यावरून मी मनात निकाल लावून टाकला. तेवढ्यावरही थांबले नाही. सकाळी नळावर चार बायकांच्या देखत त्याला बोलले, "ज्याला घासातला घास दिला, त्यानेच घर फोडायचे का रे?" पोरगा खाली मान घालून म्हणाला, "काकू, माझ्याकडे संगणकच नाही. एक मोबाइल आहे, तो बघा." मी काही तो पाहिला नाही. त्या दिवसापासून तो ताकाचा तांब्या घ्यायला खाली आला नाही.

मी वायफायचा पासवर्ड बदलून टाकला आणि निश्चिंत झाले. पण सूचना थांबल्या नाहीत! पुढे तो दिवाळीसाठी गावी गेला, खोलीला कुलूप लागले, तरीही सूचना येतच राहिल्या. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

भाऊबीजेला भाचा आला. त्याने आधी विचारले, "लिहून काय ठेवले आहेस?" मी दुधाची वही पुढे केली. त्याच्या सांगण्यावरून मी तारीख, वेळ आणि पत्ता तीत टिपत होते. ती वही पाहून तो फार खूश झाला. मग त्याने राऊटर, म्हणजे जी दिव्यांची पेटी आपल्याला इंटरनेट देते, तिची यादी उघडली. घरातल्या कोणत्या वस्तूला कोणता पत्ता दिला आहे, ते तीत असते. दोन मोबाइल, एक दूरदर्शन संच, संगणक, आणि शेवटी तो सात क्रमांकाचा पत्ता. तो कुणाचा निघाला? दारावर चोरांसाठी बसविलेल्या कॅमेऱ्याच्या पेटीचा!

माझा विश्वास बसेना. तेव्हा त्याने त्या पेटीची तार उपटली. ती रात्र शांत गेली. सकाळी तार लावली, पाव तासात सूचना सुरू. पुन्हा उपटली, पुन्हा शांत. ती पेटी वायफायवर नव्हती, तारेने जोडलेली होती. म्हणून माझ्या पासवर्ड बदलण्याचा तिच्यावर काही परिणाम झाला नव्हता. भगिनींनो, राखणीला ठेवलेला कुत्राच चोराला सामील झाला होता.

हे कसे झाले, तेही सांगते. कॅमेरा बसविणाऱ्याने कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला होता, आणि बाहेरगावाहून मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून राऊटरमधून आत येण्याची वाट उघडी सोडली होती. कारखान्याचे असे पासवर्ड साऱ्या जगाला ठाऊक असतात. २०१६ साली मिराई नावाच्या एका दुष्ट प्रोग्रॅमने अशाच साठ-बासष्ट ठराविक नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून जगभरचे लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा वस्तूंकरवी झालेल्या हल्ल्याने अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या वेबसाइट बंद पडल्या. त्या लाखो घरांतल्या माणसांना आपला कॅमेरा असले काही करतो आहे, ह्याचा पत्ताही नव्हता. आमचेही तसेच.

मग मी विचारले, "आमच्या कॅमेऱ्यात घुसला तो कोण?" त्याने राऊटरच्या नोंदींतले बाहेरचे पत्ते काढले. कोणता पत्ता कोणत्या कंपनीला दिला आहे, ते एका सार्वजनिक नोंदवहीत कुणालाही पाहता येते. ते पत्ते चार निरनिराळ्या देशांतले निघाले. मी म्हटले, "सापडले की चोर!" तो म्हणाला, "मावशी, एकदा चुकलीस ना? तिथेही तुझ्यासारखीच कुणी बाई असेल, आणि तिच्याही दारावर असाच कॅमेरा असेल."

आपल्याकडे पूर्वी गावात चोरी झाली की रामोशी, जागल्या पावलांवरून माग काढीत. माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोचविला की पुढचे काम त्या गावचे. संगणकाच्या चोराचा मागही असाच शिवेशिवेने जातो. आपल्या घराची शीव राऊटर. त्यापुढे इंटरनेट देणाऱ्या कंपनीची शीव. एकच बाहेरचा पत्ता ती एकाच वेळी अनेक घरांना वाटून देते, म्हणून नुसत्या पत्त्यावरून घर सापडत नाही. घटनेची वेळ सेकंदापर्यंत लागते, आणि पोर्ट नावाचा एक क्रमांकही लागतो. ग्राहकाचे नाव कंपनी तुम्हा-आम्हाला सांगत नाही. ते मागण्याचा अधिकार पोलिसांचा. शिवाय पुष्कळ नोंदी जागतिक वेळेत असतात. ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. एवढा फरक ध्यानात घेतला नाही, तर भलत्याच्याच दारात माग जाऊन उभा राहायचा.

लहानशा नोंदीवरून केवढा माग लागू शकतो, ह्याची एक खरी गोष्ट भाच्याने सांगितली. १९८६ साली अमेरिकेत बर्कली येथील प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला संगणकाच्या हिशेबात पाऊण डॉलरची तफावत दिसली. दुसरा असता तर सोडून देता. त्याने वही घातली, प्रत्येक वेळ टिपली, आणि तो माग महिनोन् महिने चालवून जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरापर्यंत नेला. चोर जोडणीवर फार वेळ थांबेना, तेव्हा खोटे कागद ठेवून त्याला गुंतवून ठेवण्याची युक्ती कुणी सुचविली? मार्था मॅथ्यूज ह्या त्याच्या मैत्रिणीने! पुढे स्टॉलने ह्यावर पुस्तक लिहिले, त्याचे नाव 'कोकिळेचे अंडे' अशा अर्थाचे आहे. कावळीच्या घरट्यात परके अंडे, तसा आपल्या घरात परका प्रोग्रॅम.

आपल्या घरात कोण येणार, असे कुणी म्हणू नये. आपल्या ह्याच नांदेडात जानेवारी २०२१ मध्ये शंकर नागरी सहकारी बँकेचे सुमारे साडेचौदा कोटी रुपये चोरट्यांनी परस्पर वळते केले. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ह्या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी गेले, आणि त्यातले कितीतरी पैसे परदेशांतल्या एटीएममधून निघाले. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ साली अकरा जणांना शिक्षा केली. तेव्हा माग लागतो, पण त्याला वर्षे लागतात.

आता आम्ही काय केले, ते सांगते. ती पेटी जुनी, तिच्या कंपनीकडून नवी दुरुस्ती येणे बंद झालेले. म्हणून तिचे इंटरनेट तोडले. ती आता घरातल्या घरात चित्र टिपते. राऊटरचा मुख्य पासवर्ड बदलला, बाहेरून येण्याची वाट बंद केली. बँकेचे पासवर्ड मोबाइलवरून, वेगळ्या जोडणीने बदलले. बचत गटाचा हिशेब पै न् पै ताडून पाहिला, तो सुरक्षित आहे. वहीची पाने आणि पडद्याची छायाचित्रे जोडून सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरणे हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि कुणाचे पैसेच गेले, तर रडत बसू नये. त्याच क्षणी १९३० ह्या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळेल, तितके पैसे वाटेत अडविता येण्याचा संभव जास्त.

पण एक काम ह्या सगळ्यांहून जड होते. तो विद्यार्थी गावाहून परतला, त्या दिवशी सकाळी मी नळावर गेले. ज्या चौघींसमोर त्याला बोलले होते, त्या तिथे होत्या. त्याला खाली बोलाविले आणि त्यांच्यासमोर म्हटले, "बाळा, चोर माझ्याच दारावर टांगलेला होता. मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. मला माफ कर." तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काकू, त्या दिवशी मी खोली सोडणार होतो. पण आईला काय कारण सांगू, हे सुचेना, म्हणून राहिलो." भगिनींनो, त्या वाक्याने माझ्या काळजाला घर पडले. बँकेचा पैसा भरून निघतो. पण ते पोर चोर म्हणवून घेऊन गावी परतले असते, तर ते मी कशाने भरून दिले असते?

म्हणून माझे मागणे एवढेच. आज घरी गेल्यावर आपल्या राऊटरचा आणि कॅमेऱ्याचा कारखान्याचा पासवर्ड बदलून घ्या. स्वतःला जमत नसेल, तर जाणत्याला बसवून आपल्या डोळ्यांदेखत करून घ्या. काही विपरीत दिसले, तर तारीख आणि वेळ वहीत लिहा. आणि माग पुरता लागेपर्यंत कुणाचे नाव जिभेवर आणू नका. आकड्यांचा पत्ता वस्तूचा असतो, माणसाचा नसतो.

तो मुलगा आता पुन्हा ताकाचा तांब्या घेऊन खाली येतो. दुधाच्या वहीची ती पाने मी जपून ठेवली आहेत. कुणाला पाहायची असल्यास घरी यावे.