म्हातारपण आणि मेंदूची भूक



मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण विश्रांतीतही सुमारे २० टक्के ऊर्जा तोच खर्च करतो. त्याचे मुख्य इंधन ग्लुकोज. १९७६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ग्लुकोजसारखे किरणोत्सारी द्रव्य प्रथमच माणसाला टोचून मेंदूची चित्रे घेण्यात आली. पुढे पेट स्कॅनमधून दिसले की, निरोगी वार्धक्यातही कपाळामागच्या भागात ग्लुकोजचा वापर थोडा मंदावतो. अल्झायमर रोगात मात्र तो मुख्यतः मेंदूच्या बाजूच्या व मागच्या भागांत घटतो.

म्हणून आजोबांना एखादे नाव उशिरा आठवले, तर ‘म्हातारचळ लागला’ म्हणू नका. त्यांना वेळ द्या. मात्र रोजची वाट चुकू लागली, तर डॉक्टरांकडे न्या.