एका छोट्या त्रैमासिकाची चिकाटी



परप्रांतात पन्नास वर्षे मंडळ चालविणाऱ्या आपणांस वर्गणी, मजकूर आणि मनुष्यबळ या तिन्हींची टंचाई म्हणजे काय, हे मी सांगावयास नको. म्हणूनच आज ज्या नियतकालिकाची हकीकत मी मांडणार आहे, ते दूरदेशीचे असले तरी आपणांस परके वाटणार नाही, असा मला भरवसा आहे.

1977 साली अमेरिकेत ‘अ‍ॅपल टू’ हा घरगुती संगणक बाजारात आला. मूळ यंत्राची स्मृती अवघी 4 किलोबाइट, किंमत मात्र 1298 डॉलर. झाकण उघडावे, आतील आठ खाचांत हवी ती कार्डे बसवावीत आणि यंत्राला नवे काम शिकवावे, अशी त्याची रचना होती. त्यामुळे त्याचा मालक नुसता गिऱ्हाईक न राहता अभ्यासक झाला. अशा अभ्यासकांसाठी मासिके निघू लागली. त्यांत छापलेला प्रोग्रॅम वाचकाने ओळीओळीने स्वतः टंकित करावा आणि एखादा स्वल्पविराम चुकला तर तो शोधण्यात रात्र घालवावी, असा तो काळ होता.

पुढे कंपनीचे लक्ष मॅकिंटॉशकडे वळले. 1992 च्या डिसेंबरात ‘टू जीएस’चे उत्पादन थांबले, 1993 मध्ये ‘टू ई’चेही. जाहिराती आटल्या आणि मोठी मासिके बंद पडली. अशा पडत्या काळात, 1996 साली, मॅक्स जोन्स या पत्रकाराने ‘ज्यूस्ड जीएस’ हे छापील त्रैमासिक सुरू केले. व्यवहारी माणसाने याला वेडच म्हटले असते. परंतु या वेडाने पंचविशी ओलांडली. जोन्स यांच्यामागून रायन सुएनागा यांनी आणि पुढे केन गान्ये यांनी संपादनाची धुरा वाहिली.

हे कशामुळे साधले? पहिले कारण गरजेचे. जुने यंत्र केवळ प्रेमाने चालत नाही. ‘टू जीएस’च्या मुख्य पाटीवरील बॅटरी कालांतराने गळते आणि तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकते. पॉवर सप्लायमधील जुना कपॅसिटर फुटून घर धुराने भरते. फ्लॉपीवरील चुंबकीय लेप क्षीण होतो. अशा वेळी कंपनीचे दार बंद असते. ज्याने ती बॅटरी स्वतः काढून बसविली, त्याचे दोन पानांचे टिपण दुसऱ्या गावच्या अनोळखी माणसाला उपयोगी पडते.

दुसरे कारण हिशेबाचे. वर्गणी आगाऊ, पण एकाच वर्षाची. त्या वर्षात अंक चार. जेवढे घेतले तेवढे देण्याची ऐपत अगोदर जोखावयाची, मगच हात पुढे करावयाचा. छोट्या नियतकालिकाची अब्रू याच शिस्तीत असते.

तिसरे कारण माणसांचे. येथे वाचक आणि लेखक निराळे नाहीत. 1989 साली कॅन्सस सिटीत सुरू झालेल्या ‘कॅन्ससफेस्ट’ या मेळाव्यात ही मंडळी एकत्र येऊ लागली. जुन्या यंत्रासाठी नवी कार्डे, नवे प्रोग्रॅम तेथे दाखवू लागली, आणि अंकाला ताजे विषय मिळू लागले.

मात्र संपादकाची खरी कसोटी निराळीच आहे. ज्याच्या हातात कसब असते, तो बहुधा लिहीत नाही. “यात सांगण्यासारखे काय आहे?” असे म्हणून तो बाजूला होतो. त्याच्या मागे लागून, प्रश्न विचारून, त्याच्या तुटक वाक्यांना आकार देऊन लेख मिळवावा लागतो. ही पिढी आता वयस्क होत आहे. यंत्र एखाद्या संग्रहालयात राहील. पण ते बिघडले असता प्रथम कोठे पाहावे, हे ज्ञान लिहून ठेवले नाही तर त्या माणसाबरोबर जाईल.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळातही असे न लिहिणारे जाणकार आहेत. पहिल्या गणेशोत्सवासाठी या परक्या गावात जागा कशी मिळविली, मुलांना मराठी वाचावयास कसे बसविले, हे त्यांना ठाऊक आहे. आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी वही घेऊन त्यांच्या घरी जावे आणि पुढील अंकाचा मजकूर तेथून आणावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.