कोंबडखतातले राखणदार
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस-ज्वारीच्या मेळाव्यात कोंबड्यांचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. पण कोरडवाहूवर भागत नाही म्हणून आपल्यातल्या कित्येकांनी कर्ज काढून अंड्यांच्या कोंबड्यांचे शेड टाकले आहे. पावसाळा लागला की तिथल्या माश्या गावभर होतात आणि शेड बंद करा, अशी ओरड ग्रामसभेत सुरू होते. कर्जाचा हप्ता मात्र बंद होत नाही.

मग आपण पिंजऱ्याखालच्या खतावर औषध मारतो. नोकरीत असताना मीच हा सल्ला एका शेतकऱ्याला दिला होता. आठ दिवस माशी दिसली नाही, महिन्याभरात दुप्पट झाली. चूक माझी होती. २००२ साली बीटी येण्याआधी कपाशीत आपण हेच केले. फवारण्या वाढवल्या, बोंडअळी औषधाला दाद देईना आणि मित्रकीटक तेवढे मेले.

कोंबडखतातही मित्रकीटक असतात. मॅक्रोचिलिस नावाचा कोळ्याच्या जातीचा बारीक जीव माशीची अंडी आणि नुकत्या निघालेल्या अळ्या खातो. कार्सिनॉप्स हा चकचकीत काळा, लहानसा भुंगा तेच करतो. स्पॅलांजिया ही मुंगीएवढी काळी गांधीलमाशी माशीच्या कोषात अंडे घालते आणि तिची अळी तो कोष आतून खाऊन टाकते. ती माणसाला डसत नाही. कपाशीतली ट्रायकोग्रामा बोंडअळीची अंडी शोधते, ही माशीचे कोष शोधते.

आता हिशेब पाहा. उबदार दिवसांत अंड्यापासून माशी व्हायला ७ ते १० दिवस लागतात. स्पॅलांजियाला जवळपास ३ आठवडे लागतात. औषधाने दोघी मेल्या, किंवा सगळे खत एकदम खरवडून काढले, तर आधी माशीच परत येणार.

म्हणून चार कामे करा. पहिले, खत कोरडे ठेवा. ताज्या विष्ठेत ७५ टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि माशीला ओलच हवी. गळके निपल त्याच दिवशी दुरुस्त करा, पावसाचे पाणी आत येऊ देऊ नका. खत ओले राहिले तर हे राखणदार पुरे पडणार नाहीत. दुसरे, खतावर औषध मारू नका. माशीसाठी विषारी आमिष ठेवायचेच असेल तर खतापासून दूर, कोंबडीची चोच पोचणार नाही असे ठेवा. तिसरे, खत भर पावसाळ्यात काढू नका. कोरड्या दिवसांत एक ओळ काढा, एक ठेवा. तळाचा चार बोटे जुना थर राहू द्या. उरलेल्या ओळी ३-४ आठवड्यांनी काढा. चौथे, मेलेली कोंबडी आणि फुटकी अंडी रोजच्या रोज पुरा.

घरी गेल्यावर मूठभर जुने कोरडे खत पांढऱ्या कागदावर पसरा. बारीक तपकिरी जीव आणि काळे भुंगे पळताना दिसले, तर तुमचे राखणदार कामावर आहेत. त्या दिवशी पंप खांद्यावर घेऊ नका.