मुलींचा खेळ थांबवू नका
(वालूर येथे मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वालूरच्या बारवेच्या पायऱ्या चढून वर आले की ऊर कसा धपापतो, हे आपणांस ठाऊक आहे. वाढत्या मुलांच्या शरीराला असा दम रोज लागावा लागतो. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. त्यासाठी आखाडा नको की पैसा नको. शाळेपर्यंत भरभर चालणे, लगोरी, दोरीच्या उड्या, फुगडी, झिम्मा हे सारे त्यात जमेस धरावे. तास सलगच हवा असेही नाही.

पण मुलगी बारा वर्षांची झाली की आपणच म्हणतो, "पुरे आता हुंदडणे!" भाऊ मैदानावर, ती स्वयंपाकघरात. घरकामात व्यायाम होतोच की, असे कोणी म्हणेल. पाण्याची घागर वाहताना होतो खरा; बसून भाजी निवडताना होत नाही. २०१६ साली जगातील ११ ते १७ वर्षांच्या मुलींपैकी ८५ टक्के मुलींची हालचाल अपुरी होती. मुलांत हेच प्रमाण ७८ टक्के होते. आणि हाडे भरण्याचे वय नेमके हेच!

म्हणून माझे मागणे एवढेच, की संध्याकाळी तासभर मुलीला कामाला हाक मारू नये. पंचमीची फुगडी तिला वर्षभर खेळू द्यावी.