छोट्या मोटारीचा मोठा हिशेब
(धुळे येथील भाषणाचा मजकूर)



10 जानेवारी 2008 रोजी दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात रतन टाटा यांनी नॅनो मोटार लोकांपुढे आणली. किंमत एक लाख रुपये. भर पावसात एकाच स्कूटरवरून निघालेले चौघांचे कुटुंब पाहून ही कल्पना सुचली, असे त्यांनी सांगितले होते. त्या कुटुंबाची गरज खरी होती आणि आजही आहे. एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्यावर बायको-मुलांना मोटारसायकलवर घेऊन जाणारा शेतकरी मोटारीचे स्वप्न पाहतो, यात हसण्यासारखे काही नाही. प्रश्न एवढाच, की त्याच्या पदरात पडते काय?

624 सी.सी.चे दोन सिलिंडरांचे इंजिन आणि लिटरला 23.6 किलोमीटरचा दाखला, ही कामगिरी लहान नव्हे. परंतु 2014 साली ग्लोबल एनकॅपने घेतलेल्या धडक-चाचणीत नॅनोला एकही तारा मिळाला नाही. त्या वेळी तपासलेल्या पाचही मोटारींची गत तीच झाली. एकीतही एअरबॅग नव्हती. तेव्हा दोष एका कारखान्याचा नव्हे. किंमत ठरल्यावर जे उरेल तेच ग्राहकाच्या जिवाचे मोल, असा तो व्यवहार होता. चालकापुरती एअरबॅग सक्तीची झाली 2019 साली, आणि तीही सरकारी नियमाने.

आता खर्च पाहावा. जळगाव-धुळे अंतर सुमारे 90 किलोमीटर. लिटरला 20 किलोमीटर धरले तरी जाऊन-येऊन नऊ लिटर पेट्रोल. शंभरीपार दराने नऊशे रुपयांहून अधिक. चौघे बसले तर हिशेब जुळतो. रोज एकट्याने जाणाऱ्या नोकरदाराचा जुळत नाही. शिवाय गाडी दारात उभी असली तरी विमा आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. कापसाचा पैसा हंगामात येतो, हप्ता मात्र दरमहा येतो.

साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख मोटारींची होती. विक्री कोणत्याही वर्षी एक लाखावर गेली नाही. 2018 साली उत्पादन थांबले. पावसात भिजणारे कुटुंब मात्र रस्त्यावरच राहिले.

त्याला वेळेवर येणारी एसटी हवी आहे. 2021-22 च्या संपात बस बंद पडल्या, तेव्हा ज्यांच्या दारी वाहन नव्हते त्यांचीच कोंडी झाली. मार्च 2023 पासून स्त्रियांना तिकीट अर्धे झाले, हे चांगलेच झाले. पण गावाला फेरीच नसेल तर सवलत कोठे वापरावी? प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी बंद फेऱ्यांची यादी करून आगारप्रमुखांसमोर ठेवावी. मोटारीचे स्वप्न ज्याचे त्याने पाहावे. बस हा सर्वांचा हक्क आहे.