गैरहजेरीचा हिशेब

वॉर्डात सिस्टर आली नाही की तिच्या कर्तव्यनिष्ठेवर शंका घेतली जाते. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. निष्ठेआधी हिशेब पाहतो.

वर्षाचे दिवस ३६५. त्यांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि रजेचे ३० दिवस वगळले, तर एक परिचारिका २८३ दिवस कामावर राहते. म्हणजे रोज १०० जणी हजर हव्या असतील, तर १२९ नेमाव्या लागतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत रजेसाठी ३० टक्के राखीव मनुष्यबळ धरले आहे, ते औदार्य म्हणून नव्हे.

जेथे हे राखीव मनुष्यबळ नेमलेच जात नाही, तेथे एकीची रजा म्हणजे दुसरीची दुहेरी पाळी ठरते. रुग्ण उचलून कंबर धरते, रात्रपाळीने झोप मोडते. घरी चूल आणि मुले ही आणखी एक पाळी वाट पाहत असते. मागितलेली रजा नाकारली, की ती आजारपणाच्या दाखल्यावर घ्यावी लागते. तिचे काम जिच्यावर पडते, ती पुढे खरोखरच आजारी पडते. अशी गैरहजेरीतूनच गैरहजेरी जन्मते.

वेतनकपातीने आणि 'कारणे दाखवा' नोटिशीने हे चक्र थांबणार नाही. न भरलेल्या जागेचे वेतन अंदाजपत्रकात बचत म्हणून दिसते. वस्तुतः ते परिचारिकेच्या शरीरातून आणि रुग्णाच्या शुश्रूषेतून काढलेले कर्ज आहे. तेव्हा हजेरीपटावर लाल खूण करण्याआधी प्रशासनाने रिक्त जागांची यादी भिंतीवर लावावी. गैरहजर कोण, हे आपोआप कळेल.